फ्रीजर आणण्याआधी घराचे अर्थिंग पाहा

पावसाळ्यात पुरंदरकडचा मटार एकदम बाजारात येतो आणि भाव खाली बसतो. सीताफळाची तर तऱ्हाच वेगळी. एकदा पिकायला लागले की दोन दिवससुद्धा दम धरत नाही. कोकणात पाऊस तोंडावर आला की आंब्याचे तेच होते. अशा वेळी मटार सोलून, सीताफळाचा गर काढून किंवा आमरस करून तो गोठवून ठेवला तर चार महिन्यांनी बरा भाव मिळतो. हे आता शेतकऱ्यांना आणि त्याहून जास्त बचत गटांच्या महिलांना पटले आहे. म्हणून खेडोपाडी, वाड्यावस्त्यांवर फ्रीजर येऊ लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे.

पण होतं काय, फ्रीजर घेताना तो किती लिटरचा, गॅरंटी किती वर्षांची, हप्ता किती बसेल, हे सगळे विचारले जाते. ज्या बोर्डात त्याची पिन जाणार, त्या बोर्डामागे तिसरी तार आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही. मोटारीच्या पेटीला हात लावताना शेतकरी पायात चप्पल घालतो, हात कोरडे करतो. घरातल्या फ्रीजरला मात्र घरची बाई भांडी घासता घासता, ओल्या हाताने आणि अनवाणी पायाने दिवसातून दहा वेळा हात लावते. फ्रीजर पत्र्याचा, खाली फरशी ओली. आत कुठे तार सोलली गेली आणि अर्थिंग नसले, तर त्या पत्र्यात आणि विजेच्या खांबावरच्या तारेत काही फरक उरत नाही. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगायची, की आधी घराची वीज सुधारा आणि मगच फ्रीजर आणा.

तिसरी तार कशासाठी?

फ्रीजरच्या पिनेला तीन काटे असतात. दोन सारखे आणि वरचा तिसरा जाड व लांब. तो लांब का, तर पिन घालताना आधी अर्थिंग जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. फ्रीजरच्या वायरीत तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. तिसरा काटा बोर्डात बसत नाही म्हणून तो कापून टाकणारे महाभाग आहेत. तसेच हिरवी तार बोर्डामागे नुसती लोंबकळत ठेवणारेही आहेत.

याहून वाईट प्रकार म्हणजे न्यूट्रलची तार अर्थिंगच्या भोकाला जोडणे. "एकच तर आहे, काय फरक पडतो?" असे सांगून हे काम केले जाते. पण न्यूट्रल कुठे तुटली किंवा फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, की फ्रीजरच्या सगळ्या अंगात २३० व्होल्ट उतरतात. असे जोडकाम घरात असेल तर ते आजच काढून टाका.

अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला पाइप किंवा पत्रा. साध्या जमिनीत सुमारे अडीच मीटर, म्हणजे आठ फूट लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा पुरतात आणि भोवती कोळसा व मीठ भरतात. नुसता एक खिळा किंवा सळई भिंतीजवळ ठोकून तिला तार गुंडाळली, म्हणजे अर्थिंग झाले असे नव्हे. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ओल नसेल तर बी उगवत नाही, तसे ओल नसेल तर अर्थिंगही चालत नाही. मुरमाड आणि खडकाळ जमिनीत, भर उन्हाळ्यात, अर्थिंगचा खड्डा कोरडाठक पडतो. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडावे आणि अर्थिंगची परीक्षा वैशाखात घ्यावी. वैशाखात जे पास झाले ते आषाढात पास होणारच.

परीक्षा मीटर लावून घ्यायची असते. टेस्टरचा दिवा लागला किंवा नाही लागला, यावरून अर्थिंग चांगले की वाईट हे कळत नाही. अर्थ टेस्टर नावाचे यंत्र असते, त्यावर रोध ओहममध्ये दिसतो. घरासाठी तो ५ ओहमच्या आत असला तर उत्तम. हे काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडून करून घ्यावे. महावितरणचा लाईनमन मीटरपर्यंतची लाईन पाहतो. मीटरच्या पुढची घरातली वायरिंग ही घरमालकाची जबाबदारी आहे, हे लक्षात ठेवावे.

नुसत्या एमसीबीवर विसंबू नका

"आमच्याकडे एमसीबी बसवला आहे, आता शॉकची भीती नाही," असे पुष्कळ जण म्हणतात. इथे थोडे गणित करू. समजा अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. फ्रीजरच्या पत्र्यात २३० व्होल्टचा फेज उतरला. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर वीज जमिनीत जाईल. आता एमसीबी आहे १६ अँपिअरचा. तो पडणारच नाही. पत्रा जिवंत राहील आणि कोणीतरी हात लावण्याची वाट पाहील. एमसीबी आणि फ्यूज मुख्यतः वायरिंग जळू नये म्हणून असतात. माणूस वाचवण्यासाठी वेगळे उपकरण लागते.

त्याचे नाव आरसीसीबी. काही जण त्याला ईएलसीबीही म्हणतात. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने परत आली की नाही, हे ते सतत मोजत असते. मधे ३० मिलिअँपिअरएवढी जरी वीज दुसऱ्या वाटेने गळाली, तरी ते क्षणात लाईन तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचेच घ्यावे. त्यावर तपासणीचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबल्यावर लाईन तुटली तर उपकरण चांगले, नाही तुटली तर बदलावे. आरसीसीबी वारंवार पडते म्हणून ती काढून टाकू नये. ती पडते याचा अर्थ घरात कुठेतरी वीज गळते आहे. ती जागा शोधावी.

फ्रीजरसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाईन काढावी. १६ अँपिअरच्या सॉकेटला तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर लागते. प्लॅस्टिकच्या एक्स्टेन्शन बोर्डावर, त्यातही त्याच बोर्डावर मिक्सर आणि इस्त्री असताना, फ्रीजर कधीही चालवू नये. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. सैल पिन आणि बारीक वायर तिथेच वितळते. बोर्ड जमिनीपासून उंच असावा आणि पावसाचे पाणी पाझरणाऱ्या भिंतीवर नसावा. उंदरांचा त्रास असेल तर वायर पाइपातून न्यावी.

व्होल्टेजचा खेळ

संध्याकाळी सात ते नऊ या वेळात गावचे व्होल्टेज उतरते, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी व्होल्टेजमध्ये कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, फिरत नाही आणि तापतो. रात्री भार कमी झाला की व्होल्टेज चढते. म्हणून फ्रीजर घेण्यापूर्वी घरातले व्होल्टेज सकाळी, संध्याकाळी सातनंतर आणि मध्यरात्री असे तीन वेळा मोजावे. हे आकडे कागदावर लिहून दुकानात न्यावेत. काही नवीन फ्रीजर किती ते किती व्होल्टपर्यंत स्टॅबिलायझरशिवाय चालतात, ते त्यांच्या पुस्तिकेत छापलेले असते. आपले आकडे त्या मापात बसत नसतील तर स्टॅबिलायझर घ्यावाच. तो फ्रीजरच्या क्षमतेला पुरेसा असावा, व्होल्टेज फार वाढल्यास वीज तोडणारा असावा आणि लाईट आल्यावर तीनएक मिनिटे थांबून मग वीज सोडणारा असावा.

ही तीन मिनिटे फार महत्त्वाची. लाईट गेली आणि लगेच आली, तर कॉम्प्रेसरमधल्या गॅसचा दाब उतरलेला नसतो. त्या दाबाविरुद्ध तो सुरू होऊ शकत नाही. लाईट येते, जाते, पुन्हा येते असा खेळ ज्या गावात चालतो, तिथे कॉम्प्रेसर जळण्याचे हे एक मोठे कारण आहे.

मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. शेतीपंपाच्या वाहिनीवर चोवीस तास वीज नसते. पंपाच्या कनेक्शनवरून, उरलेल्या फेजवर जोडतोड करून फ्रीजर चालवणे धोक्याचे आहे आणि नियमाला धरूनही नाही. आकडा टाकून तर मुळीच नको. घरगुती मीटर घ्यावा. जिथे रोज दहा-बारा तास वीज नसते, तिथे गटाने फ्रीजर वस्तीवर न ठेवता गावठाणात एखाद्या सदस्याच्या घरी ठेवावा.

फ्रीजर कुठे ठेवावा?

पत्र्याच्या पडवीत नको, चुलीजवळ नको, न्हाणीघराला लागून नको. जागा कोरडी, सावलीची आणि हवेशीर असावी. मागे आणि बाजूंना चार ते सहा इंच जागा मोकळी सोडावी, कारण आतली उष्णता फ्रीजर तिथूनच बाहेर टाकतो. मागे पोती आणि गोधड्या कोंबल्या, की मशीन चोवीस तास चालते आणि बिल वाढते.

फ्रीजरच्या मागच्या पट्टीवर तो किती उष्ण हवेत चालेल याची खूण असते. इंग्रजी ‘एन’ म्हणजे ३२ अंश सेल्सिअसपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत आणि ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत. आपल्याकडे ‘टी’चाच घ्यावा. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात तर त्यालाही मे महिना जड जातो. म्हणून घरातली सर्वांत थंड खोली त्याला द्यावी.

जमीन शेणाने सारवलेली असेल तर खाली शहाबादी फरशी पक्की बसवावी. वर पाण्याने भरलेले ताट ठेवून चारी बाजूंनी पाणी सारखे दिसते का ते पाहावे. फ्रीजर कलला असेल तर आवाज करतो आणि झाकण नीट बसत नाही. समोर उभे राहण्याच्या जागी रबरी चटई टाकावी. चटई ही अर्थिंगला पर्याय नाही, पण आधार आहे.

नव्या फ्रीजरमध्ये बहुधा आयसोब्यूटेन किंवा प्रोपेन गॅस असतो. पट्टीवर तो आर-६००ए किंवा आर-२९० असा लिहिलेला असतो. हे दोन्ही गॅस आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद, म्हणजे पेट घेणारे. घरगुती फ्रीजरमध्ये ते थोडेच असतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम दिलेला वास यांना नसतो. म्हणून बर्फ काढायला खुरपे, विळा, सुरी कधीही वापरू नये. नळीला भोक पडून फुसफुस आवाज आला तर दारे-खिडक्या उघडाव्यात, चूल विझवावी, त्या खोलीतले कुठलेही बटण दाबू नये आणि मेकॅनिकला बोलवावे.

टेम्पोतून उतरल्यावर

फ्रीजर उभाच आणावा. छोट्या हत्तीत आडवा टाकून आणला, तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत जाते. तसा लगेच चालू केला तर कॉम्प्रेसरला तेल मिळत नाही. उभा आणला असला तरी चारेक तास तसाच ठेवावा. वाटेत आडवा झाला असेल तर पूर्ण एक दिवस उभा ठेवून मगच पिन लावावी. घरात मुले उत्साहाने जमतात, "लावा की आता" म्हणतात. घाई करू नये.

तेवढ्या वेळात आतून कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून पुसून घ्यावे आणि कोरड्या फडक्याने कोरडे करावे. झाकणाच्या रबरात आणि काठात कागदाची पट्टी धरून झाकण लावावे. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथून थंडावा जाणार. दुकानदाराला तेव्हाच दाखवावे.

मग पिन लावावी. पहिल्यांदा पत्र्याला हात लावण्याआधी वायरमनकडून पत्रा आणि जमीन यांमध्ये व्होल्टेज येते का, ते मीटरवर मोजून घ्यावे. हाताला जराशा जरी मुंग्या आल्या, झिणझिण्या आल्या, तरी "नवीन आहे, होतं असं" म्हणून सोडू नये. मेन बंद करावा आणि दोष काढल्याशिवाय पुन्हा लावू नये.

पहिला दिवस रिकामाच

चालू केल्यावर फ्रीजर रिकामा चालवावा. आतल्या थर्मामीटरवर उणे १८ अंश सेल्सिअस दिसेपर्यंत काही भरू नये. याला कधी सहा तास लागतात, कधी पूर्ण दिवस लागतो. थर्मामीटर स्वस्त मिळतो, तो वेगळा घ्यावा. हाताला गार लागले म्हणजे उणे १८ झाले असे नव्हे.

मालही एकदम भरू नये. २४ तासांत किती किलो नवा माल गोठवता येतो, ते काही कंपन्या पट्टीवर लिहितात. लिहिले नसेल तर ढोबळ हिशेब असा, की २०० लिटरच्या फ्रीजरला दिवसाला सात ते नऊ किलो. एका दिवसात ५० किलो मटार भरला, तर कडेचा गोठतो आणि मधला उबदार राहून आंबतो. गटाने सोलण्याचे कामच त्या हिशेबाने वाटून घ्यावे.

मटाराचे दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे धरून लगेच बर्फाच्या पाण्यात गार करावेत, निथळून कोरडे करावेत आणि मगच भरावेत. त्याने रंग आणि चव टिकते. गर किंवा रस अर्ध्या-एक किलोच्या पिशव्यांत चपटा भरावा, म्हणजे लवकर गोठतो. पिशवीवर तारीख लिहावी. गरम वस्तू आत ठेवू नये. आणि एक लक्षात ठेवावे, गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते. आधीच उतरलेला माल फ्रीजर सुधारून देत नाही.

लाईट गेल्यावर

लाईट गेली की झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. भरलेला फ्रीजर न उघडता साधारण ४८ तास गोठण टिकवतो, अर्धा भरलेला २४ तास. आपल्या उन्हाळ्यात हे तास कमीच धरावेत. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर आधार होतो. बाटली काठोकाठ भरू नये, बर्फ झाल्यावर पाणी फुगते.

गावाला गेल्यावर मागे लाईट किती वेळ गेली हे कळायला एक सोपी युक्ती आहे. वाटीभर पाणी आत गोठवावे आणि त्या बर्फावर एक नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर ठीक. तळाला गेलेले दिसले, तर मधे सगळे वितळून पुन्हा गोठले आहे, असे समजून माल टाकून द्यावा. मालात अजून बर्फाचे कण असतील तर तो पुन्हा गोठवता येतो, चव थोडी उतरते इतकेच. मासळी आणि मटणाच्या बाबतीत शंका आली की खाऊ नये, विकू तर नयेच.

आत काय ठेवू नये?

जनावरांच्या लाळ्या-खुरकूतासारख्या लशी फ्रीजरमध्ये ठेवू नयेत. त्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात, गोठल्या की निकामी होतात. कृत्रिम रेतनाच्या कांड्यांनाही हा फ्रीजर चालत नाही. त्यांना द्रव नायट्रोजनचे उणे १९६ अंश लागतात. दुधाचे कॅन गार करण्यासाठीही तो नव्हे, मोठा कॅन मधून थंड व्हायला फार वेळ घेतो. कीटकनाशकाची बाटली तर खाण्याच्या वस्तूंशेजारी कधीच नको.

झाकणाला कुलूप असेल तर लावून किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. जुना, बंद पडलेला फ्रीजर परसात टाकला असेल, तर त्याचे झाकण काढून टाकावे. खेळता खेळता मूल आत शिरले आणि झाकण बसले, तर आवाजसुद्धा बाहेर येत नाही.

ग्रामपंचायतीने काय करावे?

एकेका घराने अर्थ टेस्टर असलेला ठेकेदार बोलावला तर खर्च जास्त येतो. गावाने एप्रिल-मेमध्ये एक दिवस ठरवून सगळ्या आळीचे अर्थिंग मोजून घेतले, तर तोच खर्च वाटला जातो. सुरुवात ग्रामपंचायत कार्यालय, अंगणवाडी आणि शाळेपासून करावी. डीपीचे अर्थिंग आणि न्यूट्रल सैल असल्याचा संशय असेल, म्हणजे एका घरात दिवे मंद आणि शेजारी भगभगीत होत असतील, तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तोपर्यंत फ्रीजर बंद ठेवावा. बचत गटाला फ्रीजरसाठी कर्ज मंजूर करताना त्याच रकमेत अर्थिंग, स्वतंत्र लाईन आणि आरसीसीबी यांचा खर्च धरावा, एवढा ठराव ग्रामसंघाने केला तरी पुष्कळ होईल.

इतके करूनही कोणाला शॉक लागलाच, तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन बंद करावा. मेन दूर असेल तर स्वतः कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करावे. १०८ ला फोन लावावा. माणूस हालचाल करत नसेल, श्वास नीट घेत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे दोन इंच खोल दाब देत राहावे. गाडी येईपर्यंत थांबू नये.

फ्रीजरचा कॉम्प्रेसर जळाला तर बदलून मिळतो, मटार खराब झाला तर पुढच्या हंगामात पुन्हा पिकतो. घरातले माणूस मात्र परत मिळत नाही. अर्थिंगचा पाइप, आरसीसीबी आणि चांगली वायर यांचा खर्च फ्रीजरच्या किमतीपुढे थोडाच आहे. तेव्हा या हंगामात ज्यांच्या घरी फ्रीजर येणार आहे, त्यांनी आधी वायरमनला बोलावून घराचा बोर्ड उघडून पाहावा, आणि ज्यांच्या घरी तो आधीच चालू आहे, त्यांनीही.